पुस्तकातली आजी आणि घरातली दादी

मागच्या पावसाळ्यात शाळेतून घरचा अभ्यास आला होता, ‘माझे कुटुंब’ हे चित्र काढून आणा. माझा धाकटा दुसरीत आहे, मराठी माध्यमात. जेवणाचं ताट बाजूला सारून त्यानं वही उघडली आणि अर्ध्या तासात सगळं घर कागदावर उतरवलं. मी बुटका, त्याची अम्मी माझ्याहून उंच, मोठ्या बहिणीचा चष्मा तिच्या तोंडापेक्षा मोठा, दारात शेजाऱ्यांची बकरी. अगदी कडेला एक बाई होती. हिरवी साडी, मागे अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. खाली लिहिलं होतं, ‘आजी’.

आमच्या घरात आजी नाही, दादी आहे. माझी आई. ती समोरच बाजेवर बसून सुपारी कातरत होती.

मी विचारलं, “ये कौन है रे?”

“दादी.”

“दादी कुंकू कब लगाती?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की अब्बाला साधं एवढंही कळत नाही. म्हणाला, “किताब में आजी ऐसीच रहती.”

साडी बरोबर होती. हे मुद्दाम सांगतो, कारण मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना याचंही नवल वाटतं. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या जुन्या मुसलमान बायका साडीच नेसतात. डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत, हातात बांगड्या. लांबून पाहिलं तर शेतात खुरपणाऱ्या बायकांत कोण कुणाची, हे ओळखू येत नाही. पोरानं साडी काढली, पदर काढला नाही. पोत काढली नाही, तिच्याऐवजी मंगळसूत्र काढलं. आणि कुंकू लावलं.

मी ते खोडायला लावलं नाही. चित्र शाळेत गेलं, बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला. तो त्यांनी द्यायलाच हवा होता, चित्र छानच होतं. बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा पोरगाही काही दुःखी वगैरे झाला नव्हता, चित्र काढून तो पतंगाच्या मागे पळाला. अस्वस्थ मी झालो होतो. सात वर्षांच्या मुलाला कुणीही न सांगता समजलं होतं की घरातल्या माणसाला कागदावर आणायचं असेल तर आधी त्याला थोडं बदलून घ्यावं लागतं.

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांबद्दल मला जे वाटतं ते या चित्रापासून सुरू होतं, म्हणून एवढं लांबवलं.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मोहल्ल्यातली पोरं दिवसभर गल्लीत. मोबाइल एकाच्या घरी असायचा आणि तोही बापाबरोबर कामावर जायचा. तेव्हापासून दर रविवारी असरच्या नमाजनंतर आमच्या ओट्यावर एक पत्र्याची पेटी उघडते. पेटीत आज सत्तर-ऐंशी पुस्तकं आहेत. काही विकत घेतलेली, काही मित्रांनी पाठवलेली, काही छापून पिना मारलेली. दहा-पंधरा पोरं येतात. काही उर्दू शाळेतली, काही मराठी, दोघं इंग्रजी शाळेत जातात आणि इंग्रजी सोडून सगळं बोलतात. मागच्या वस्तीतली, जय भीम वाल्यांची, तीन-चार येतात. एक बंजारा मुलगी मंठ्याकडच्या तांड्यावरची, आईबाप ऊसतोडीला गेले की मामाकडे जालन्यात राहते, तेवढे चार-पाच महिने ती असते. मी पुस्तक मराठीत वाचतो आणि मध्येमध्ये दख्खनीत समजावतो.

मराठीत छोट्या मुलांची पुस्तकं नाहीत असं रडगाणं मी गाणार नाही. माझ्या लहानपणी नव्हती, आज आहेत. माधुरी पुरंदरेंनी राधा आणि यश यांच्या पुस्तकांतून साध्या घरातलं साधं मूल मराठीत आणलं. तिथं राजकन्या नाही, उपदेश करणारा कोल्हा नाही. २०१६ मध्ये लेखनाचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला तो उगाच नव्हे. प्रथम बुक्स २००४ मध्ये निघालं आणि गरिबाला परवडेल अशा किमतीत अनेक भाषांत रंगीत पुस्तकं आली. २०१५ मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हर नावाची साइट उघडली. तिथली पुस्तकं कुणीही फुकट वाचावीत, छापावीत, आपल्या भाषेत करावीत. माझ्या पेटीतली पिना मारलेली पुस्तकं तिथलीच. नॅशनल बुक ट्रस्ट आहे, चेन्नईचं तूलिका आहे. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी जगभरची चांगली पुस्तकं हिंदीत, मराठीत करून नेटवर खुली ठेवली. हे ऋण मानूनच पुढचं बोलतो.

हल्ली ‘वेगळेपणा’वरची पुस्तकं खूप येतात. तू जसा आहेस तसा छान आहेस, सगळ्यांशी प्रेमानं वाग, वेगळं असणं वाईट नाही. इंग्रजीत तर अशा पुस्तकांचा पूर आहे. त्यातलं एक जुनं पुस्तक पोरांना फार आवडतं, डेव्हिड मॅकी यांचा एल्मर नावाचा हत्ती. पहिल्यांदा १९६८ मध्ये आला. बाकी सगळे हत्ती करडे आणि हा गोधडीसारखा, चौकटी-चौकटींचा, रंगीबेरंगी. त्याला वाटतं आपणही सगळ्यांसारखं दिसावं. मग तो करड्या फळांत लोळून करडा होतो, कळपात जाऊन उभा राहतो आणि कुणी त्याला ओळखत नाही. पाऊस येतो, रंग धुतला जातो, सगळे हसतात आणि ठरवतात की वर्षातून एक दिवस सगळे हत्ती रंगून एल्मरसारखे होतील.

फळांत लोळण्याच्या जागी पोरं ओट्यावर लोळून घेतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवटाला एका मुलीनं विचारलं, “और दूसरे दिन?”

मी म्हटलं, “दुसऱ्या दिवशी काय, पुन्हा आपापल्या रंगाचे.”

ती गप्प बसली. प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला. तो पुढे येईल.

त्याच संध्याकाळची गोष्ट. एल्मर संपला, पेटी बंद झाली, पोरं गल्लीत क्रिकेट खेळायला गेली. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, त्याचा एक पाय लहानपणापासून अधू आहे, पट्टा लावून चालतो. एल्मरसाठी सगळ्यात जास्त टाळ्या पिटणारी पोरं दहा मिनिटांनी त्याला म्हणत होती, “ए लंगड्या, तू बाजू हो, बॉल लागेल.” वाईट हेतूनं नव्हे. काळजीनंच म्हणत होती. नावही तेच, वर्षानुवर्षं चालत आलेलं, त्याची आईसुद्धा कधीकधी त्याच नावानं हाक मारते.

म्हणजे काय झालं? हत्तीची गोष्ट हत्तीपाशीच राहिली. प्राण्यांच्या गोष्टींची ही सोय मोठी आहे. रंगीत हत्तीवर प्रेम करायला कुणाला काही द्यावं लागत नाही. प्रकाशकाला भीती नाही, शिक्षकाला फोन येत नाही, पालक समितीत कुणी उठून उभं राहत नाही. आणि वाचणाऱ्या मुलालाही हत्ती म्हणजे पट्टा लावलेला तो पोरगा, हे आपणहून जोडावं लागतं. ते जोडणं मोठ्यांनाही जमत नाही, मुलांकडून काय अपेक्षा करायची?

पुढे काही रविवार मी ‘तोत्तोचान’ थोडं थोडं वाचून दाखवलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक, मूळ जपानीत १९८१ चं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं. चित्रांचं पुस्तक ते नाही, पण चिहिरो इवासाकींची चित्रं त्यात आहेत आणि त्या चित्रांतल्या मुलांकडे पोरं बराच वेळ बघत बसतात. त्यात यासुआकी नावाचा पोलिओ झालेला मुलगा आहे. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर चढायला बोलावते. साधी शिडी लावते, जमत नाही. मग दुसरी, आपली आपण उभी राहणारी घडीची शिडी ओढत आणते, ढकलते, खेचते, दोघंही घामाघूम होतात. वर पोचल्यावर झाडाच्या फांदीवर बसून गप्पा मारतात. एवढंच. यासुआकीवर दया कर असं लेखिका कुठेही सांगत नाही. शिडी आणायची होती, ती आणली.

पोरांना ती शिडी कळली. पुढच्या क्रिकेटमध्ये त्या मुलाला बॅट मिळाली, सोबत रनर. ही शक्कल कुणाची होती मला ठाऊक नाही, माझी नव्हती. आता ऐका: रनर चुकीच्या वेळी पळाला, हा रनआऊट झाला, आणि यानं त्या रनरला अशा काही शिव्या दिल्या की शेजारच्या चाचींनी खिडकी लावून घेतली. मला विचाराल तर तो दिवस चांगला गेला. त्या पोराला पहिल्यांदा आऊट होण्याचा आणि भांडण्याचा हक्क मिळाला होता. नाव मात्र अजून सुटलेलं नाही.

दयेच्या पुस्तकांत मला हेच खटकतं. वेगळं मूल तिथं नेहमी घेणारं असतं. बाकीची मुलं त्याला सामावून घेतात, चॉकलेट देतात, शेवटच्या पानावर हात धरून उभी राहतात. तो आगाऊपणा करत नाही, चोरून खात नाही, कंटाळत नाही. तो चांगला असतो, कारण त्याला चांगलं असणं भाग आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या दिवशी काय?

मराठी पुस्तकांत मुसलमान मूल सापडत नाही असं नाही. सापडतं, पण बहुतेक वेळा ईदच्या दिवशी. टोपी घालून येतं, शेजारच्या मित्राला शिरखुर्मा देतं, दिवाळीत त्याच्या घरी फराळ खातं आणि पुस्तक संपतं. मी ही गोष्ट वाईट म्हणत नाही. अशा गोष्टी लिहिणाऱ्यांनी भल्या मनानं लिहिल्या, आणि आजच्या दिवसांत भलं मन ही काही स्वस्त वस्तू नाही. पण वर्षात ईद दोन. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ही मुलं पुस्तकात काय करतात? त्यांचा दात पडत नाही? त्यांना अंधाराची भीती वाटत नाही? त्यांची मांजर हरवत नाही? गणिताचा पेपर लपवावा लागत नाही? हातपंपावर नंबर लावताना ती भांडत नाहीत? या सगळ्या गोष्टी ज्या मुलांच्या बाबतीत पुस्तकात घडतात त्यांची नावं ठरलेली आहेत. आमची मुलं तिथं एल्मरच्या सणाला येतात, दुसऱ्या दिवशी निघून जातात.

आणि हे एकट्या आमचंच आहे असं नाही. पेटीभोवती बसणाऱ्या त्या बंजारा मुलीला पुस्तकात तिची याडी कुठे भेटली? मागच्या वस्तीतल्या पोरांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. पुस्तकातल्या किती घरांच्या भिंतींवर तो असतो? जालना जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांवर लोक, त्यांत शंभरात चौदाच्या आसपास मुसलमान, आठच्या आसपास बौद्ध. ही माणसं रोज एकाच बाजारात मोसंबी विकतात, एकाच एसटीत उभ्यानं प्रवास करतात, एकाच रोलिंग मिलमध्ये घाम गाळतात. पुस्तकात मात्र भेटत नाहीत.

अमेरिकेत हा वाद साठ वर्षांपूर्वीच झाला. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी लेख लिहिला की मुलांच्या पुस्तकांचं जग सगळं गोऱ्यांचं आहे. त्यांनी तीन वर्षांतली पाच हजारांवर पुस्तकं तपासली होती, काळी माणसं दिसली ती शंभरात सात पुस्तकांतसुद्धा नाही. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी आरसा आणि खिडकी हे शब्द वापरले: मुलाला पुस्तकात स्वतःला पाहायला आरसा लागतो आणि दुसऱ्याचं घर पाहायला खिडकी. हे दोन शब्द आता शिक्षणाच्या प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतात, इतके की बोलणाऱ्याला त्यांचा अर्थ आठवतो की नाही अशी शंका येते. पण माझ्या धाकट्याच्या चित्रापुढे ठेवून पाहा, अर्थ लगेच उघडतो. त्याच्यासमोर नुसत्या खिडक्या होत्या, आणि त्यांतल्या एकीला तो आरसा समजून बसला.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ चं पुस्तक. न्यूयॉर्कमधला एक काळा मुलगा, नाव पीटर, लाल अंगरखा घालून सकाळी बर्फात खेळायला जातो. पावलांचे ठसे उमटवतो, काठीनं झाडावरचं बर्फ पाडतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो, तो वितळून जातो. बस. पीटर काळा आहे हे चित्रात दिसतं, मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. त्याला कुणी चिडवत नाही, त्याला कुणी स्वीकारत नाही, त्याच्या हातून काहीही सिद्ध होत नाही. १९६३ मध्ये चित्रांसाठीचा तिथला सर्वांत मोठा मानला जाणारा कॅल्डिकॉट सन्मान त्या पुस्तकाला मिळाला. कीट्स स्वतः काळे नव्हते, पोलंडमधून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले होते. म्हणजे दुसऱ्याच्या मुलाबद्दल लिहिता येतं, नीट पाहिलं तर.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. हैदराबादच्या अन्वेषी या स्त्री-अभ्यासाच्या संस्थेनं २००८ मध्ये ‘डिफरंट टेल्स’ नावाची मालिका काढली, इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममध्ये. दलित, मुसलमान, कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टी. त्यात मोहम्मद खदीर बाबू यांची एक गोष्ट आहे, घरात बकऱ्याच्या मुंडीचं कालवण होणार म्हणून हरखलेल्या मुलाची. ईद नाही, शेजारधर्म नाही. मुंडी! आमच्या गल्लीत रविवारी सकाळी ज्या घरातून तो वास येतो त्या घरासमोर पोरं घुटमळतात, हे मी रोजचं पाहतो, पण ती गोष्ट होऊ शकते असं मला ते वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. १९४८ पर्यंत जालना आणि हैदराबाद एकाच निजामाच्या राज्यात होतं. जेवण तेच, बोली तीच. तेलुगूत आलेली मुंडी मराठीत यायला कुणी अडवलंय?

एक उदाहरण घरचंच, आणि त्याबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. मीना. युनिसेफनं १९९० च्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी उभी केलेली चित्रातली मुलगी. भाऊ राजू, पोपट मिठू. आपले राम मोहन यांनी ती चितारली. नाव असं शोधलं की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ सगळीकडे चालेल, हिंदूच्या घरात आणि मुसलमानाच्याही. पोशाखही असा की तो एका देशाचा, एका धर्माचा वाटू नये. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मीना-राजू मंच चालले, माझी भाची अशा एका मंचात होती. तिला आठवीनंतर शाळेतून काढायचं चाललं होतं तेव्हा घरात सगळ्यांसमोर बोलायची हिंमत तिला त्या पोपटवाल्या मुलीनं दिली, असं ती अजून सांगते. आज ती नर्सिंग करतेय. तेव्हा मीनाला मी नावं ठेवणार नाही. पण मीना सगळ्यांची होऊ शकली ती कुणाचीच नसल्यामुळे. तिचं आडनाव नाही, तिच्या घरात अजान ऐकू येत नाही आणि देवाची घंटाही नाही. त्या काळात ते शहाणपण होतं. तीस वर्षांनंतरही मुलीला सगळ्यांची व्हायचं तर स्वतःचं सगळं दारात काढून ठेवावं लागावं का, एवढाच माझा प्रश्न आहे. शबाना नावाची मुलगी सगळ्यांची का होऊ नये?

माझे एक स्नेही शिक्षक आहेत, मनानं चांगले. त्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, मुलांना कुठे धर्म कळतो, आपणच का शिकवायचा? पुस्तकात डोकी मोजायला लागलो की गोष्ट मरते. त्यांच्या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. यादी करून, दोन हे दोन ते, असं भरलेलं पुस्तक पोरं दोन मिनिटांत ओळखतात आणि पेटीत परत टाकतात. पण पहिलं म्हणणं खरं नाही. माझ्या सात वर्षांच्या पोराला कुंकू कळलं होतं. ते कुठे असायला हवं हे त्यानं बरोब्बर हेरलं होतं. मुलांना सगळं कळतं, फक्त त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नसतं.

आता आपल्या घराकडे, कारण बोट नुसतं दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही.

आपल्या मोहल्ल्यात माणसाला त्याच्या नावानं किती लोक हाक मारतात? काल्या, काण्या, तोतऱ्या, बहऱ्या. मुलगी सावळी असेल तर जन्माच्या तिसऱ्या दिवसापासून तिच्या लग्नाची चिंता. सूरे हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका असं स्पष्ट बजावलं आहे. त्याच सूरेत माणसांच्या जमाती आणि कबीले एकमेकांना ओळखण्यासाठी आहेत असंही आहे. जुम्याच्या बयानात हे आपण ऐकतो आणि मशिदीच्या पायरीवर चप्पल शोधताना “ए लंगड्या” म्हणतो. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांचा किस्सा आपल्या पोरांना कितीदा सांगितला जातो? दिसत नसलेला माणूस काही विचारायला आला, पैगंबर साहेब कुरैशच्या सरदारांशी बोलत होते, कपाळावर आठी आली, आणि त्यावर खुद्द अल्लाहनं टोकलं. सूरे अबस त्याच प्रसंगाची. तेच इब्न उम्मे मक्तूम पुढे मदिन्यात अजान देत. त्यांना सांभाळून घेतलं, एवढ्यावर ते थांबलं नाही, काम दिलं, आणि तेही आवाजाचं. तोत्तोचानच्या शिडीची आठवण मला इथं होते.

चित्रांबद्दलही आपल्यातले काही जण कुरकुर करतात. जानदाराची तसवीर कशाला? या मसल्यात उलमांची मतं वेगवेगळी आहेत आणि मी काही आलिम नाही. एवढं आठवतं की हजरत आयेशा यांच्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला घोडा होता असं हदीसमध्ये येतं. पैगंबर साहेबांनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या घोड्यांना पंख होते, ऐकलं नाही का? आणि ते मनापासून हसले. मुलांसाठी गोष्ट लिहू पाहणाऱ्याला आणखी काय लागतं मला ठाऊक नाही.

काही घरांत मग ‘इस्लामी’ पुस्तकं आणली जातात. चकचकीत कागद, खजुराची झाडं, उंट, पांढरा लांब झगा घातलेला गोरापान मुलगा, काही पुस्तकांत तर माणसांचे चेहरेच कोरे. आमच्या पोरांनी उंट पाहिला तो जत्रेत. त्यांची झाडं मोसंबीची आणि लिंबाची. त्या झगेवाल्या मुलातही माझा धाकटा नाही. एका पुस्तकात दादीला कुंकू लागलं, दुसऱ्यात तिला दादी म्हणून जागाच नाही, तिथं ‘जद्दा’ आहे.

मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात पहिल्यांदा भरलं. तेव्हापासून आपण मराठीत आपलं दुःख लिहिलं, तलाकवर लिहिलं, दंगलींवर लिहिलं, ओळखीवर तर इतकं लिहिलं की पुरे. लिहायलाच हवं होतं. पण पाच वर्षांच्या मुलासाठी आपण किती लिहिलं? बोटं दुमडायला लागलं की एक हात पुरतो. मग मराठी प्रकाशकांनी आपल्या मुलांना विसरलं म्हणून कुठल्या तोंडानं रागवायचं? ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्यांना गोष्ट पाठवायला कुणी मनाई केलेली नाही. स्टोरीवीव्हरवर तर संपादकाची वाटही पाहावी लागत नाही.

आणि गोष्टी काय कमी आहेत? आपल्या शहराचं नावच एका श्रीमंत मुसलमान विणकरावरून, जुलाह्यावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं इतिहासवाले बघतील. पण एक जुलाहा, त्याचा माग, आणि एक गाव त्याच्या नावाचं होतं, हे चित्राचं पुस्तक नाही तर काय आहे? मी ते पोरांना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, त्याच्याकडे बकऱ्या होत्या का.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ओट्यावर एक पुस्तक बनवायला घेतलं. कोऱ्या कागदांचे बारा तुकडे, मध्ये दोरा. नाव पोरांनी ठरवलं, ‘दादीचा अडकित्ता’. दादीचा अडकित्ता हरवतो आणि सगळी गल्ली तो शोधते, एवढीच गोष्ट. तो कुठे सापडतो यावर तीन रविवार भांडण चाललं. बंजारा मुलगी तेव्हा नुकतीच आली होती, तिचं म्हणणं की तो बकरीनं गिळला. उर्दू शाळेतल्या पोरांना ते अशक्य वाटत होतं. पट्टा लावणाऱ्या पोरानं गोष्टीत स्वतःला चोर करून घेतलं, कारण चोराला पळायला मिळतं. तो पळतो कसा, असं एकानं विचारलं. “चित्र में पळता मैं,” तो म्हणाला.

दादीचं चित्र काढायचं काम धाकट्याकडे होतं. या वेळी तो बाजेसमोर फरशीवर बसला आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून बघत होता. साडी हिरवी, पदर डोक्यावर. पोत काढताना मणी मोजले. झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे धरला. तिनं सुपारी तोंडात टाकली, चष्मा वर केला आणि खूप वेळ पाहिलं.

“दांत कित्ते निकाले रे मेरे?” ती म्हणाली. “दोईच हैं. खोड ये.”